मदतनिधीच्या नाटकाला गेले, मन हललं. आता सेवा कुठून सुरू करू?

प्रश्न थोडक्यात असा. ब्रह्मपुरी-वडसा भागात शाळेवर शिकवणाऱ्या एका ताईंच्या गावी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवसांत नाटक झालं. त्याचा नफा सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांच्या मदतीला जाणार होता. मध्यंतरात एका आजारी मुलीची आई स्टेजवर येऊन चार वाक्यं बोलली. ताईंनी झोळीत पाचशे रुपये टाकले. त्या लिहितात, "घरी आल्यापासून मन ठिकाणावर नाही. पाचशे रुपयांत माझं काम झालं असं वाटत नाही. मी देव मानते, रोज सायंप्रार्थना करते, पण मंडळांतल्या हारतुऱ्यांत माझा जीव रमत नाही. श्रद्धेनं केलेल्या सेवेत खरंच काही सापडतं, की ती फक्त मनाची समजूत? आणि सुरुवात कुठून करू?"

ताई, मी आमच्या भागातल्या एका भजन मंडळाची रुग्णसेवा पाहतो. रुग्णासोबत दवाखान्यात जाणं, रक्तदात्यांची वही सांभाळणं, वॉर्डाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांच्या जेवणाची सोय बघणं, हे काम ऐन तारुण्यात हाती घेतलं आणि अजून सुटलेलं नाही. तुमच्यासारखं हललेलं मन घेऊन आमच्याकडे दरवर्षी माणसं येतात. काही टिकतात, बरीच टिकत नाहीत. कोण टिकलं आणि का टिकलं, हे जवळून पाहिलं आहे. त्यावरूनच लिहितो.

सेवेत सापडतं, नक्की सापडतं. पण ते त्या रात्री सापडत नाही. त्या रात्री मन फक्त जागं होतं. पुढे आठवड्यातला किंवा महिन्यातला एक वार ठरवून, तेच एक लहान काम, कुणी पाहो न पाहो, वर्षभर करत राहिलात तर हळूहळू काहीतरी हाती लागतं. आपल्याकडे एकादशी धरतात, गुरुवार धरतात, पोथीचं पारायण धरतात. सेवा तशी धरायची. माझं सगळं सांगणं एवढंच आहे. बाकीचं ते कसं करायचं याबद्दल.

आधी नाटकाबद्दल, कारण तुमच्या पत्रात मला थोडा अपराधी सूर जाणवला: करमणुकीला गेले आणि दान करून आले, हे बरोबर का? अगदी बरोबर. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात, धान घरात आलं की वडस्याला जाऊन नाटक कंपनीचं बुकिंग करायचं, रात्रभराचा प्रयोग लावायचा आणि उरलेल्या पैशांतून गावाचं काहीतरी उभं करायचं, ही रीत जुनी आहे. पाहुणे आलेले असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, हातात चार पैसे असतात. माणसं जमलेली असताना त्यांच्यापुढे दुसऱ्याचं दुःख ठेवण्यात कमीपणा नाही. गाडगेबाबांचं कीर्तन ऐकायलाही लोक रंगून जायला येत, आणि त्याच गर्दीतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या.

मात्र अशा कार्यक्रमाला जाणाऱ्यानं दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, पैसा कुणाच्या नावावर जमा होतो? धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करणारी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी. नोंद नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधल्या कलम ४१ सी प्रमाणे त्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं घेतात तीच ही. दुसरी, हिशेब कधी वाचणार? कंपनीचा मोबदला, मंडप, आवाजाची यंत्रणा, वीज हे सगळं वजा जाऊन नाटकातून किती उरतं ते आधी कुणालाच नीट सांगता येत नाही. कधी भरपूर उरतं, कधी पाऊस येतो आणि खर्चही निघत नाही. म्हणून झोळीतला पैसा आणि तिकिटाचा पैसा वेगळा ठेवावा, आणि आठ-पंधरा दिवसांत जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. जे मंडळ हे करतं त्याच्याकडे पुढच्या वर्षी निःशंक जा. तुम्ही शिक्षिका आहात, हिशेब लिहिण्याचं कामच मागून घ्या. या कामाला माणूस मिळत नाही आणि विश्वास तिथेच तयार होतो.

आणखी एक. वर्गणी घरटी ठरवून घेऊ देऊ नका. देणाऱ्यांची नावं रकमेसह माइकवर वाचू देऊ नका. आपल्या विदर्भात कर्जाखाली असलेला शेतकरी लाजेपोटी उसने आणून पाचशे देतो. गाडगेबाबा गावोगाव बजावून सांगत की कर्ज काढून सण करू नका. ते सांगणं मदतनिधीलाही लागू आहे. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडून एक दिवस मागावा.

आता त्या आईबद्दल. स्टेजवर ती काय बोलली ते तुम्ही लिहिलं नाही. तिला नेमकं काय सोसावं लागत असेल ते सांगतो, कारण सेवा तिथूनच ठरते. सिकलसेल आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतःला त्रास नसून दोष अंगात असला, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. पूर्व विदर्भात तो बऱ्याच समाजांत आहे, गोंड-माडियांत आहे आणि गावातल्या इतर जातींतही आहे. थंडी, पाणी कमी पडणं, ताप, अंगमेहनत यांतून एकदम वेदना उसळतात. हातपाय, पाठ, छाती असं दुखतं की शहाणं पोर ओरडून गाव जागं करतं. ऐन रोवणीत, पाण्यात उभं राहून असं झालं की मजुरी जाते, गाडी करावी लागते. आधी ग्रामीण रुग्णालय, मग गडचिरोली किंवा चंद्रपूर, आणि तिथून चिठ्ठी मिळाली की नागपूरचं मेडिकल कॉलेज. सरकारनं १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, २०४७ हे वर्ष लक्ष्य ठेवलं. तपासणी होते, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, एसटीच्या प्रवास-सवलतींतही तो आहे. पण कुठल्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा हे त्या आईला सांगणारं माणूस सोबत नसतं. तिथे तुमची गरज आहे.

म्हणून पहिली सुरुवात मी अशी सुचवीन. महिन्यातला एक शनिवार किंवा सुट्टीचा दिवस ठरवा आणि जवळच्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जा. एकट्या जाऊ नका, आधीपासून काम करणाऱ्या मंडळाबरोबर जा, तिथल्या अधीक्षकांना आणि मेट्रनना भेटून परवानगीनं जा. पहिले दोन-तीन महिने फक्त बघा आणि ऐका. केसपेपर कुठे निघतो, रिपोर्ट किती वाजता मिळतात, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा माणूस कुठे बसतो, रक्ताची चिठ्ठी कुणाच्या सहीनं जाते. हे सगळं पाठ झालं की तुम्ही त्या इमारतीत आलेल्या कुठल्याही खेड्यातल्या माणसाचा अर्धा दिवस वाचवू शकता. रुग्णाचे सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, तारखेनुसार, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्ससह लावून देणं हे काम दिसायला किती छोटं! पण नागपूरला नवा डॉक्टर ती पिशवी उघडतो तेव्हा जुन्या तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

लोकांना वाटतं वॉर्डात फळं वाटणं म्हणजे सेवा. फळं वाटा, कुणी नको म्हणत नाही. पण नातेवाइकांना विचारलंत तर ते वेगळंच सांगतील. गरम पाणी हवं असतं. मोबाइल चार्ज करायला जागा हवी असते. सगळ्यात जास्त हवं असतं ते कुणीतरी तासभर रुग्णाजवळ बसलेलं, म्हणजे सोबत आलेल्या बाईला आंघोळ करून येता येईल, दोन घास खाता येतील, झाडाखाली डोळा लावता येईल. आमच्या मंडळातल्या एक वयस्कर बाई कित्येक वर्षं फक्त हेच करतात. खाटेजवळ स्टुलावर बसतात, सलाइनकडे लक्ष ठेवतात, संपत आलं की सिस्टरला हाक मारतात. त्या निरक्षर आहेत. अख्खा वॉर्ड त्यांना ओळखतो.

दुसरं काम रक्ताचं. इथे सेवा नेमानं करायची असं मी का म्हणतो ते तुम्हाला लगेच दिसेल. महाराजांची जयंती किंवा पुण्यतिथी आली की तालुक्यात मोठं रक्तदान शिबिर होतं, एका दिवसात शे-दोनशे पिशव्या जमतात, फोटो येतात. पण लाल पेशी पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवसच टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. तेव्हा जयंतीच्या दिवशीचं रक्त दीड महिन्यापुढे कुणाच्या कामाचं राहत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, लग्नसराई, पारा पंचेचाळीशीत, आणि रक्तपेढीचा फ्रीज रिकामा. थॅलेसेमिया या रक्ताच्याच आजाराच्या मुलांना दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं, त्यांना मे काय आणि डिसेंबर काय. सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाला नियमित लागत नाही, पण रक्त एकदम उतरलं, शस्त्रक्रिया आली, बाळंतपण आलं की तातडीनं लागतं. या रुग्णांना सरकारी पेढीत रक्त फुकट आणि बदली रक्तदाता न मागता द्यायचं असा नियम आहे. पण पेढीत पिशवीच नसेल तर नियम काय करणार?

म्हणून आमच्या मंडळानं जयंतीचं मोठं शिबिर आवरतं घेतलं आणि वही केली. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येतं. त्या हिशेबानं प्रत्येकाला महिने वाटून दिले. दर महिन्याला पेढीवाल्यांना विचारून, त्यांना लागतील तेवढेच आणि त्याच गटाचे दाते पाठवायचे. यात हार नाही, बॅनर नाही. सुरुवातीला तरुण पोरं नाराज झाली, कारण शिबिरात मजा असते आणि इथे एकट्यानं मोटारसायकलवर जाऊन परत यायचं. जी टिकली त्यांच्यापैकी बहुतेक रोज सामुदायिक प्रार्थनेला बसणारी होती. याचा मी बराच विचार केला आहे. ती पोरं इतरांपेक्षा जास्त चांगली होती असं मला वाटत नाही. पण कंटाळा आला तरी ठरल्या वेळी ठरल्या जागी जाऊन बसायची सवय त्यांच्या अंगात होती. कुणी कौतुक केल्याशिवाय काहीतरी रोज करायचं, हे त्यांना नवं नव्हतं.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. श्रद्धा माणसाला सेवेकडे ओढून आणते असं म्हणतात. मला तिचा खरा उपयोग नंतर दिसतो, चौथ्या-पाचव्या महिन्यात. तेव्हा ती आई आठवत नाही, डोळे भरून येत नाहीत. ज्या रुग्णासाठी तुम्ही धावलात तो दारू पिऊन भेटतो. एखादी बाई तुमच्यावरच खेकसते. वेचणी, कापणी, परीक्षा, घरातलं लग्न, सगळं एकाच आठवड्यात येतं. नुसत्या उमाळ्यावर आलेला माणूस इथे थांबतो, आणि त्यात त्याचा दोषही नाही, उमाळा तेवढाच असतो. पण हे देवाचं काम आहे, समोरच्यानं आभार मानले काय आणि न मानले काय, माझा शनिवार मी त्याला दिला आहे, असं ज्याच्या मनात पक्कं असतं तो येतो. आणि असा नाइलाजानं, जड पायानं गेलेला शनिवारच पुढे सगळ्यात जास्त देऊन जातो. त्या दिवशी तुम्ही स्वतःला बरं वाटावं म्हणून गेलेल्या नसता. समोरचा माणूस पहिल्यांदा नीट दिसतो. त्याची दया येत नाही, त्याचं नाव कळतं, त्याला चहा कसा लागतो ते कळतं. तुम्ही ज्याला मनाची समजूत म्हणता ती आधीच्या महिन्यांत असते. ती संपल्यावर जे उरतं ते खरं आहे, असं मी मनापासून मानतो.

हे आपल्या मातीत कुणी नव्यानं सांगण्याची गरज नाही. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषात यात्रा भरते. तिथे चिखलात भाविक घसरत, म्हणून गाडगेबाबांनी घाट बांधून घेतला. लोक पुण्यासाठी नदीत उतरत होते, त्यांना उतरायच्या जागेची काळजी होती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस दिवसा खराट्यानं गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा, आणि तो क्रम २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवेपर्यंत जवळजवळ तसाच होता. तुकडोजी महाराजांनी १९३५ ला मोझरीला गुरुकुंज उभारलं आणि प्रार्थनेला रोजची वेळ दिली, जात-धर्म न विचारता सगळ्यांना एकत्र बसवलं. त्या प्रार्थनेतून उठलेला माणूस सकाळी ग्रामसफाईला जाणार, अशी ती जोडणी होती. शेगावला जाऊन बघा. गजानन महाराजांच्या संस्थानात पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी चपला सांभाळतात, फरशी पुसतात, रांग लावतात. शेतकरी, नोकरदार, दुकानदार असे सगळे ठरावीक दिवसांची सेवा मागून घेऊन येतात. तिथे तुमचं हुद्द्याचं नाव कुणी विचारत नाही. सेवा शिकायची असेल तर एकदा तिथे राहून या, कारण एवढी गर्दी असून कुणाचा आवाज चढत नाही, हे कसं जमतं ते बघण्यासारखं आहे.

आणि ही गोष्ट एकाच पंथाची नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. त्यांना रस्तोरस्ती अन्न-पाणी देणारे उपासक-उपासिका रात्रंदिवस उभे असतात, दान ही त्यांची पारमिता, म्हणजे बौद्ध धम्मातला अंगी बाणवायचा गुण. नागपूरला ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर लंगर चालतो. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला ख्रिस्ती मिशनचं कुष्ठरुग्णालय आहे. ज्या काळात घरचे लोक रुग्णाला गावाबाहेर काढत, त्या काळात या मिशनच्या माणसांनी त्यांच्या जखमा धुतल्या. तुमची प्रार्थना कोणतीही असो, ती तुमच्याजवळ ठेवा. वॉर्डात जाताना गळ्यातला पट्टा, अंगारा, पत्रकं काही नेऊ नका. खाटेवरचा माणूस हतबल असतो, त्याला नको म्हणता येत नाही, आणि त्या अवस्थेत त्याच्यापुढे आपला देव ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यानं आपणहून विचारलं तर बोला. रुग्णाचा फोटो काढू नका, काढू देऊ नका. आणि औषध बंद करून अमुक महाराजांकडे न्या असं कुणी भाविक सांगू लागला तर तिथल्या तिथे, सौम्यपणे पण ठामपणे थांबवा. हे काम भाविक माणसानंच करावं, कारण त्याचं लोक ऐकतात.

ज्यांना देवाधर्माच्या वाटेनं जायचं नाही अशा तुमच्या सहकाऱ्यांनाही सोबत घ्या. मूल तालुक्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी दर मे महिन्यात होते, तरुण पोरांना तिथे पाठवा. उन्हात माती उपसून आलेला मुलगा वॉर्डात जास्त शहाण्यासारखा वागतो, हा माझा अनुभव आहे.

मंडळात जाताना एक परीक्षा मात्र कराच. भंडाऱ्याच्या दिवशी जा आणि स्वयंपाकाच्या बाजूला उभ्या राहा. वांग्याची भाजी आणि वरण कोण शिजवतंय, वाढायला कोण आहे, पंगतीत कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलंय, आणि शेवटी कढया कोण घासतंय. जिथे घासणारे नेहमी त्याच वस्तीतले असतात आणि वाढणारे नेहमी त्याच घरांतले, ते मंडळ अजून देवापर्यंत पोचलेलं नाही. तिथे जायचं असेल तर कढई घासायला बसा आणि दरवेळी तिथेच बसा. काही महिन्यांनी तुमच्या शेजारी दुसरं कुणीतरी येऊन बसेल. तुम्हाला हारतुऱ्यांचा त्रास होतो म्हणालात, त्यावरही हाच उपाय आहे. हार पुढच्या बाजूला घालतात, मागच्या बाजूला कुणी येत नाही.

घरातून विरोध होईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बहुतेक बायकांना तो होतो, म्हणून लिहितो. सासूबाईंना सांगून नव्हे, घेऊन जा. ज्यांनी आयुष्यभर बाळंतिणींचं केलं, आजाऱ्यांचं उसपलं, त्यांना वॉर्डात काय करायचं ते आपल्यापेक्षा लवकर कळतं. आणि वार असा निवडा जो रोवणीत आणि कापणीतही पाळता येईल. उन्हाळ्यात आठवड्याला एक वार धरून पावसाळ्यात मोडण्यापेक्षा महिन्याला एकच धरा. दवाखाना लांब पडत असेल तर गावातच सुरुवात करा. बस थांब्यावर चैत्र-वैशाखात पाणपोई असते. रांजण मांडणारे पहिल्या दिवशी खूप असतात. तो रोज घासून सकाळी सातला भरणारं कुणी नसतं आणि पंधरा दिवसांत रांजण कोरडा पडतो. ते भरणं घ्या.

जुने कपडे गोळा करू नका. प्रत्येक नवा उत्साही माणूस तेच करतो आणि आमच्या खोलीत गाठोडी पडून राहतात. काय लागतं ते आधी रुग्णालयात विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं: थंडीत ब्लँकेट, झाकणाच्या पाण्याच्या बाटल्या, प्रौढांचे डायपर, परतीचं गाडीभाडं. सिकलसेलच्या मुलांसाठी गरम कपडे आणि पाण्याची बाटली ही निम्मी औषधंच आहेत. तुमच्या शाळेत असं मूल असेल तर त्याला वर्गात बाटली जवळ ठेवू द्या, वारंवार लघवीला जाऊ द्या, कवायतीत दमेपर्यंत पळवू नका. हे तुम्ही उद्याच करू शकता आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या आईला भेटायचं का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. लगेच जाऊ नका. मंडळातल्या तिच्या ओळखीच्या माणसामार्फत निरोप द्या की पुढच्या फेरीला दवाखान्यात सोबत हवी असेल तर मी येईन. ती हो म्हणाली तर जा, आणि नाटकातल्या रात्रीचा विषय काढू नका. चारशे माणसांसमोर स्वतःचं दुःख बोलायला तिला काय पडलं असेल ते तिचं तिला ठाऊक. नाही म्हणाली तरी वाईट वाटून घेऊ नका, वॉर्डात दुसरी आई असतेच.

रक्तदानाबद्दल शेवटचं. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. आपल्याकडच्या बायकांना बहुतेक वेळा हिमोग्लोबिनपाशीच परत पाठवतात. तसं झालं तर आधी स्वतःचा उपचार करा, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पुऱ्या घ्या, आणि स्वतःची सिकलसेलची तपासणीही करून घ्या, कारण वाहक माणसाला बहुधा काहीच त्रास होत नाही आणि लग्नाच्या पोरापोरींच्या घरात ते माहीत असणं फार गरजेचं आहे. तोवर वहीचं काम घ्या. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेढीला फोन करून कोणता गट कमी आहे ते विचारायचं, वहीतून पाच-सहा नावं काढायची आणि प्रत्येकाला आवाजात गोडवा ठेवून फोन करायचा. आमच्याकडे हे काम करणाऱ्या गुरुजींना आता ऐकायला कमी येतं, आणि ते कधीपासून कुणाच्या तरी हाती वही द्यायला बघत आहेत.